मला माठाचं पाणी बाधतं

शाळेत शिपाई म्हणून जन्म काढला की किस्से साठतात, टाकीच्या बुडाला गाळ साठतो तसे. मी चौथी शिकलेला. चुका निघतील. निघू द्या!

शिरूरजवळच्या त्या शाळेत घंटा माझ्याकडं, पिण्याच्या पाण्याचा माठ दुसऱ्या शिपायाकडं, किसनकडं. तो बौद्ध, मी मराठा. सव्वीस वर्षं त्यानं भरलेलं पाणी मी प्यालो न्हाई. नळाला ओंजळ लावायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "मला माठाचं पाणी बाधतं." किसनला सगळं कळायचं. ते आता मला टोचतंय.

*

आठवीच्या बाईंनी टूम काढली. यहूदी, मुसलमान, ख्रिस्ती लोकांचे पाण्याचे विधी पोरांना त्या-त्या धर्माच्या माणसांकडूनच दाखवायचे.

पहिले आले एका मुलीचे वडील. वजू, म्हंजी नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, त्यांनी लोटाभर पाण्यात करून दाखवलं! म्हणाले, "नदीकाठी बसलं तरी पाणी वाया घालवायचं न्हाई."

मागून एक कार्टं बोललं, "आमचे पप्पा गाडी धुतात तवा टँकर लागतो!"

*

मग पुण्याहून यहूदी आजी आल्या. पोरांना वाटलं, फॉरेनची पाहुणी. आजी म्हणाल्या, "डब्यात चपाती कुणी आणलीय रे?" मराठी आमच्यापेक्षा चोख!

जेवायच्या आधी दोन कानांच्या भांड्यानं हातांवर पाणी घ्यायचं. मग प्रार्थना सोडून, पहिला घास गिळेपर्यंत चकार शब्द काढायचा न्हाई. आठवी पहिल्यांदाच गप्प! हेडमास्तर घाबरून धावत आले. "बाई, काय झालं?" बाई बोलेनात. तोंडात घास!

सगळं कळल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, "आबा, या आजींना रोज बोलवा!"

*

बाईंनी होमवर्क दिला, आपल्याकडचे पाण्याचे रिवाज लिहा. एक पोरगी वही घेऊन माझ्यापुढं. "आबा, तुमच्यात काय करतात?"

सांगितलं, पाहुणा आला की दारात पाय धुवायला पाणी देतो.

किसन शेजारी माठ घासत होता. म्हणाला, "अजून एक हाय की आबा. आमच्या म्हाताऱ्याला ओंजळीत वरून वतायचे."

"वरून कशाला?" पोरीनं विचारलं.

मी उठलो आन् घंटा दिली. दहा मिनिटं आधीच! पोरं नाचत घरी गेली.

*

दौंडवरून फादर आले. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. बारा खुर्च्या मांडल्या. एक पोरगा फाटक्या मोज्यांपायी पळाला. त्याच्या जागी बाईंनी किसनला बसवलं.

अकरा झाल्यावर फादरनी टॉवेल माझ्यापुढं धरला. "यांचे तुम्ही धुवा, आबा."

अख्खा वर्ग बघतोय. माझा हात उठला न्हाई.

किसननं पाय मागं घेतले. "राहू द्या फादर, आबांना पाणी बाधतं!"

पोरं हसली. बाई हसल्या. मीबी हसलो. हसायला नको होतं.

*

किसन माझ्यामागून रिटायर झाला. यंदा मी केंदूरहून एसट्या बदलत वरवंडला त्याच्या घरी गेलो. मनाशी ठरवूनच गेलो. ओट्यावर बसलो, घाम पुसला, म्हणालो, "किसन, पाणी दे."

त्याची बायको तांब्या घेऊन दारात आली. तिला त्यानं हातानंच थांबवलं. पायात चप्पल सरकवली, समोरच्या दुकानात गेला आन् पाण्याची बाटली घेऊन आला.

"घ्या आबा," म्हणाला. "सील बघून घ्या."