खटला उर्दूत, पोरगा मराठीत

जमानतीची, म्हणजे जामिनाची, बहस चालू होती आणि माझं अर्धं लक्ष दाराजवळच्या मारोतीकडं होतं. सोळा वर्षांचं पोर, पालमकडच्या खेड्यातलं. बांधाच्या भांडणात त्याच्या बापाचा खून झाला होता. मुलजिम, म्हणजे आरोपी, राणोजी पिंजऱ्यात उभा होता. मी परभणीच्या अदालतीत सरकारी वकील. राज्य निजामाचं.

उन्हाळा असून पोरानं घोंगडी घट्ट लपेटली होती. ती जरा सरकली आणि मला विळ्याचं टोक दिसलं.

राणोजीला त्याच दारातून बाहेर नेणार होते. शिपायाला खूण करावी, तर पोर आयुष्यातून उठणार. गप्प बसावं, तर मुडदा पडणार आणि पोर फासावर जाणार.

"हुजूर, मयताच्या मुलाशी बोलायला वेळ हवाय."

"जल्दी कीजिए, वकीलसाब."

मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"सोडला न्हवं त्याला?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणतं?"

"तुमी बोलायलाव, जजसाब मान हलवायलेत, त्याचा वकील हसायलाय. मला काय कळंना व्हय?"

तेव्हा उलगडा झाला. अदालतीचं काम उर्दूत. पोर दर तारखेला यायचं आणि त्याला एक अक्षरही कळत नव्हतं. मीही राणोजीला फितूर आहे, असंच तो समजत होता. घोंगडीखाली त्याचा हात हलला. विळा आधी माझ्यावरच चालणार, असं वाटून मी एक पाऊल मागं सरलो.

"अरे, त्याला सोडू नका म्हणूनच मी भांडायलोय," मी म्हणालो. "तू काय पाहिलंस?"

"समदं. मी बांधावरच होतो. मला कुणी इचारलंच न्हाई."

"मग आत चल आणि सांग. पण ते घेऊन नाही."

त्यानं घोंगडी बाजूला सारली. मग विळा माझ्या हातात दिला. मी तो काळ्या कोटाखाली दाबला. पातं बरगडीला टोचत होतं, तरी तसाच माझ्या मुन्शीपर्यंत, म्हणजे कारकुनापर्यंत, गेलो आणि त्याच्या पिशवीत टाकला.

मारोती मराठीत बोलला, पेशकारानं, म्हणजे अदालतीच्या कारकुनानं, ते उर्दूत सांगितलं. जमानत नामंजूर झाली. पुढं राणोजीला दहा वर्षांची सजा लागली.

"फाशी का न्हाई?" मारोती चिडला. ते समजावण्यात सगळी दुपार गेली. पटलं नाही, पण तो पेरणीला गावी गेला.

त्यानंतर प्रत्येक तारखेनंतर मयताच्या घरच्यांना आज काय झालं ते मी मराठीत सांगू लागलो. झालेला खून अदालतीत शाबीत होतो. व्हायचा खून थांबवायला व्हरांड्यातच उभं राहावं लागतं.