आधी रोपांची शेड

माझी ताई घरात वाघीण. पण त्या दिवसांत ढोबळी मिरचीचं पान उलटण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून घ्यायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पॉलीहाऊसमध्ये तिचं काम एकच. भिंग लावून पानांची मागची बाजू बघायची, पांढरी माशी दिसली की पान खुडून पिशवीत. आधी आम्ही चौघी होतो, म्हणून औषधाचा पंप दोन वर्षं नुसता खुंटीला होता. तो मारणारे आमचे भावोजी, ताईचा नवरा, त्या औषधानं खोकून खोकून घरी बसलेले. त्या खुंटीजवळून जाताना ताई तोंड फिरवायची.

मग मालकाच्या डोक्यात मजुरी शिरली. "चार बायका दिवसभर पानंच बघणार? एक बस झाली." आम्हा तिघींना पॅकिंगला धाडलं. बस झाली म्हणे! ये ना बाबा, तूच वाक की दिवसभर!

आमचा नियम साधा. आधी रोपांची शेड, मग मोठी झाडं, किडकी शेड सगळ्यात शेवटी. माशी कपड्यांवर बसून येते, म्हणून उलटं जायचं नाही. पण एकटीला काम उरकेना. एका दुपारी ताई किडक्या शेडमधून तशीच रोपांत शिरली. अर्ध्या ओळीत गेल्यावर बाहीवर माशी दिसली नि ती तशीच बाहेर पळाली.

"कुणाला बोलू नकोस गं," ती मला म्हणाली. "रोपांना लागली तर पंप निघेल."

रोज सकाळी ती आधी तिथंच धावायची. जेवण जाईना. मलाही उगाच अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटायचं.

नवव्या दिवशी रोपाच्या पानामागं माशीची पिल्लं दिसली.

"गप खुडून टाक, कुणाला कळतंय!" मी म्हटलं.

"एक पान नाही गं. पाच ओळी आहेत."

आणि ही बया सरळ मालकासमोर उभी राहिली. "चूक माझीच. पण चौघींना तीन दिवस द्या, हातानं साफ करतो."

मालक ओरडला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "चार बायका, तीन दिवस? पंपाला एक माणूस, अर्धा दिवस." त्यानं खुंटीवरचा पंप काढून ताईच्या हातात दिला. "तुझ्या नवऱ्याचाच आहे. पट्टा तेवढा आवळून घे."

ताईनं पंप पाठीला लावला. शेवटच्या भोकापर्यंत आवळला, तरी पट्टा तिला सैलच होत होता.