डॉक्टरांनी सांगितलेलं माप

मी डूख धरते. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सासरच्यांना पहिल्या दिवाळीतच कळलं. कुणी माझं वाईट केलं तर मी भांडत नाही, रडत नाही, बोलणंही टाकत नाही. चहा पाजते, लेकराबाळांची चौकशी करते आणि वाट बघते. परभणीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची मी अशीच कैक वर्षं वाट पाहिली.

हे डॉक्टर माझ्या वडिलांचे विद्यार्थी. आमचे अप्पा सोनपेठला हेडमास्तर होते. त्यांच्या हाताखालून अख्ख्या तालुक्याची पोरं शिकून गेली, पण अप्पांच्या तोंडात नाव एकाच पोराचं. घरी कुणीही येवो, कापसाच्या भावावरून सुरू झालेलं बोलणं चहा येईपर्यंत त्याच्यावर पोचायचंच. आमचा तो डॉक्टर, आमच्या शाळेतला. मीही त्याच शाळेत शिकले, इंजिनिअर झाले, परभणीच्या कॉलेजात मुलांना यंत्रं शिकवायला लागले. माझ्याबद्दल अप्पा पाहुण्यांना एवढंच सांगत की ही परभणीला असते.

डॉक्टर खेड्यापाड्यांत डोळ्यांची शिबिरं घ्यायचे. यंत्रं सांभाळायला कुणीतरी जाणतं पाहिजे म्हणून अप्पांनी मला त्यांच्यासोबत धाडलं. येलदरीच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या वर्गात शिबिर होतं. डोळे तपासायचं यंत्र टेबलावर, समोर उंच स्टूल. आलेल्या म्हाताऱ्या जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापलेल्या, गुडघ्यांत आखडलेल्या, कमरेत वाकलेल्या. एक जण स्टुलावर चढली ती पाय वर घेऊन उकिडवीच बसली. तिची हनुवटी यंत्रापर्यंत पोचेना आणि पाय खाली सोडायला ती तयार होईना, कारण खाली जमीनच नव्हती. डॉक्टर तिच्यावर खेकसले. बाई उतरली आणि डोळे न तपासताच घरी गेली.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अप्पांच्या परसात बसून एक चौकट केली. पेशंटनं पाटावर मांडी घालून बसायचं. गुडघ्यांच्या वरून जाणारी बुटकी लोखंडी कमान, तिला हनुवटी टेकायला वाटी आणि कपाळाला पट्टा. यंत्रही बुटक्या चौरंगावर आणि डॉक्टरही समोर पाटावरच. माप जमवायला मला कुणाची तरी हनुवटी हवी होती, ती अप्पांची घेतली. वाटी गार लागते अशी त्यांनी कुरकुर केली म्हणून मी तिला आतून चामडं लावलं. डॉक्टरांनी ते पाहून आधी नाक मुरडलं, आता मी जमिनीवर बसून पेशंट बघू का म्हणाले. पण पुढच्या शिबिराला चौकट घेऊन गेले आणि म्हाताऱ्या कशा गुमान मांडी घालून बसायला लागल्या ते त्यांनी पाहिलं.

मग एक दिवस परभणीत डॉक्टरांचा सत्कार झाला. अप्पांना आणि मला पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. स्टेजवर माझी चौकट ठेवलेली, तिला नवा रंग दिलेला आणि झेंडूची माळ घातलेली. डॉक्टर माइकवर म्हणाले की आईला चुलीपुढं बसून भाकरी करताना पाहून ही कल्पना त्यांना सुचली. त्यांच्या घरी स्वयंपाकाला कायम बाई होती, हे सगळ्या सोनपेठला माहीत आहे. अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते.

अप्पांना पोचवायला जाताना एसटीत मी त्यांना सांगितलं की ती चौकट मी केलीय, तुमच्याच परसात. अप्पा म्हणाले, "तू केलंस ते साधं लोखंडी होतं. त्याचं शास्त्रीय असंल. माझा विद्यार्थी असलं करणार न्हाई. तुझी काहीतरी गफलत होतीय."

सोनपेठ येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी चोरी केली याचा राग होताच, पण चोरांचं काय, ते चोरतातच. वडिलांनी त्यांना खरं आणि मला खोटं धरलं, हे मला गिळता आलं नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. हारतुरे त्या माणसाला लखलाभ होवोत. मात्र एक दिवस हे त्याच्या तोंडून निघेल, आणि अप्पांना स्वतःच्या कानांनी ते ऐकावं लागेल.

पुढं अप्पांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यांना लघवी धरवेना. उठताना, खोकताना, शिंकताना थोडी थोडी झिरपायची. अप्पा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा करणारे. पूजेत बसले की धोतर ओलं व्हायचं. मग उठायचं, अंघोळ करायची, पहिल्यापासून पूजा मांडायची, की पुन्हा तेच. शेवटी त्यांनी पूजेला बसणंच सोडलं. डायपर आणले, पण आमच्याकडच्या मे महिन्यात डायपर म्हणजे भट्टीच. मांड्या सोलून निघाल्या. बाहेरगावाहून मूत्रमार्ग दाबून धरणारा एक चाप मागवला, तो इतका टणक की लावून बसणं मुश्कील.

मग मीच चाप करायला घेतला. मऊ सिलिकॉनच्या दोन पट्ट्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला धोतराच्या आत एका हातानं उघडता येईल असा बंद. मूत्रमार्गावर बेतानंच दाब पडेल, रक्त अडणार नाही, आणि तास-दीड तासानं सोडून मोकळं व्हायचं. किती चाप बिघडवले ते सांगत नाही. अखेर एका सकाळी अप्पांची पूजा मधे न उठता पार पडली. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि पेपर मागितला.

ऑपरेशन करणारे सर्जन मग त्यांच्याकडचा एकेक पेशंट माझ्याकडे धाडू लागले. रविवारी मी सोनपेठला असायचे, तेव्हा लोक यायचे. आधी सगळे मागच्या दारानं, तोंडावर गमछा घेऊन. प्रत्येकाला एकट्यालाच भेटायचं असायचं. मला ते जमेना. मी सगळ्यांना पुढच्या ओट्यावर रांगेत बसवलं. दोन-चार रविवार मान खाली घालून बसले, मग बोलायला लागले. कोण लेकीच्या लग्नात मांडवाबाहेर उभा राहिला, कुणी वर्षभर एसटीत पाय ठेवला नाही, कोण रात्रंदिवस पाणीच पीत नव्हता. बोलून मोकळे झाले की हसायचे.

अप्पा त्याच ओट्यावर दाराजवळ आरामखुर्ची टाकून पेपर वाचत. लोकांना वाटे, हेडमास्तर लेकीच्या कामावर नजर ठेवून आहेत. पहिला चाप कुणासाठी झाला हे मी कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. त्यांच्या पट्ट्या बदलायचं काम आतल्या खोलीत, दार लावून, रांगेच्या आधी व्हायचं.

माप घेण्यातही एक गंमत होती. सोनाराकडे अंगठीच्या मापाला कड्यांचा जुडगा असतो तसा जुडगा मी केला होता. माणसानं पडद्याआड जायचं, आपली कडी शोधायची आणि बाहेर येऊन नंबर सांगायचा. सुरुवातीला माझे चाप ढिले व्हायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्याकडचा कुठलाच पुरुष खरा नंबर सांगत नाही. ऐंशीचा म्हातारा असो की पन्नाशीचा, एक नंबर वाढवूनच सांगणार, आणि तोही रांगेला ऐकू जाईल असा. तेव्हापासून मी निमूटपणे एक नंबर कमी करून चाप बनवते. कुणाची तक्रार नाही.

याच सुमारास परभणीत एका लग्नात डॉक्टर भेटले. भोवती माणसं होती. मोठ्यानं म्हणाले, "काय ताई, डोळ्यांवरून एकदम खाली उतरलात की." सगळे खो-खो हसले. अप्पाही हसले, माझाच चाप लावून. मी डॉक्टरांना जिलेबी घ्या म्हणाले.

देव नसेलही, पण प्रोस्टेट असतं. डॉक्टरांचं ऑपरेशन झाल्याची बातमी मला सर्जनच्या कंपाउंडरकडून कळली. थोड्या दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या एका नातेवाइकाला चाप हवा होता. नातेवाईक फार मोठे गृहस्थ असल्यानं त्यांना सोनपेठला येणं जमणार नव्हतं. माणूस समोर आल्याशिवाय मी चाप देत नाही. त्या वेळी दिला. ड्रायव्हर आला, कड्यांचा जुडगा घेऊन गेला, नंबर घेऊन परत आला. नंबर ऐकून मला हसू फुटलं. शिकलेला माणूस खोटं कशाला सांगेल असं धरून मी अगदी त्याच नंबराचा चाप केला आणि छान डबीत घालून पाठवला.

पुढच्याच आठवड्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमाला डॉक्टर प्रमुख पाहुणे होते. मी रजा टाकून गेले आणि पुढच्या रांगेत बसले. डॉक्टर भाषणाला उभे राहिले. तरुणांनी प्रामाणिक असावं, असं काहीतरी चाललं होतं. मधेच त्यांना खोकला आला. ते थबकले, हातातला पुष्पगुच्छ सावकाश पोटाच्या खाली नेला आणि तसेच बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेले. लोकांना वाटलं, चक्कर आली. जाताना त्यांची नजर माझ्यावर पडली. मी नमस्कार केला. आयुष्यात इतका गोड नमस्कार मी कुणाला केला नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. या वेळी नातेवाईक नव्हते. आवाज बसलेला होता. म्हणाले, कधीही सांगा, पहाटे येतो, मागच्या दारानं येतो. मी त्यांना रविवारी सगळ्यांसारखं ओट्यावर यायला सांगितलं.

"आणि चौकटीचं अप्पांसमोर सांगायचं," मी म्हणाले. "कुणी केली ते."

ते हो म्हणाले.

त्या रविवारी मी ठेवणीतली इरकल नेसले होते. डॉक्टर गाडी लांब सोडून चालत आले. रांगेतल्या बहुतेकांचे डोळे त्यांनीच तपासलेले. त्यांना बघून ओट्यावरचे काही जण उठून उभे राहिले. मग कोपऱ्यातले एक बाबा सरकले आणि म्हणाले, "या साहेब, बसा हितं. लाजायचं काय काम न्हाई, समद्यांचंच तसलं हाय."

डॉक्टर बसले नाहीत. अप्पांच्या खुर्चीपुढं जाऊन उभे राहिले. अप्पांना वाटलं भेटायलाच आले, त्यांचा चेहरा खुलला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ती पाटावरची चौकट माझी नव्हती. ताईंनी केली होती. मी माझी म्हणून सांगितली."

या क्षणी अप्पांचा चेहरा कसा होईल ते मी मनात किती वेळा पाहिलं होतं. तो कोसळेल, मग ते माझ्याकडे वळतील, मग काहीतरी म्हणतील. अप्पांनी पेपरची घडी घातली आणि डॉक्टरांच्या दंडावर थोपटलं.

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "जाऊ दे, झालं गेलं. बस तिकडं."

डॉक्टर रांगेत जाऊन बसले. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"तवापासून. माझीच हनुवटी टेकवून केलेली चौकट मला ओळखू येणार न्हाई का?" ते मला असं समजावत होते की जणू मी वर्गातली ढ पोरगी आहे. "गावाला दाखवायला माझ्याजवळ तेवढा एकच पोरगा होता. त्यालाच चोर म्हणलं असतं तर माझ्याजवळ काय राहिलं असतं? तुझं काय, तू तर घरचीच."

डॉक्टरांवर मी उगाच डूख धरला असं मी मुळीच म्हणणार नाही, तो बरोबरच होता. पण त्यांनी एका सभेत एकदा चोरलं होतं. अप्पा सगळं जाणून दर रविवारी माझ्यासमोर जेवत होते.

अप्पा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. सकाळी गडबडीत त्यांची पट्टी बदलायची राहिली होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, चल आत, माझं तेवढं बघून घे आधी.

"अप्पा," मी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या चापाची पट्टी बदलायची असली तर रांगेत बसा. नंबर आला की बोलावते."

ओट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. हेडमास्तरांनी उपरणं सावरलं. मग एकेक पाऊल टाकत रांगेच्या शेवटाला गेले. डॉक्टरांनी सरकून त्यांना जागा करून दिली, आणि मी पहिल्या माणसाला आत बोलावलं.