जुन्या स्क्रूचा तक्ता

खंडेनवमीच्या सफाईची यादी आमच्या गाळ्यात मीच करते. मुलुंडच्या इस्टेटीतला छोटा कारखाना, मशीनं चारच, तरी कामं वीसेक निघतात. त्या वर्षीच्या यादीची पहिली ओळ होती : मेन स्विच बंद करणे. सहावी ओळ : मोठ्या मशीनच्या कंट्रोलची बॅटरी बदलणे.

ती बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची असते. मशीन बंद असताना त्याची सगळी आठवण तिच्यावर टिकलेली असते. हे मला पक्कं माहीत होतं, तरी ओळी मी त्या क्रमाने लिहिल्या. मोठं मशीन चालवणारे मामा यादीबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी ओळीने कामं उरकली, मेन चालू केला, आणि स्क्रीन लाल अक्षरांनी भरून गेली.

“शेठाक सांगू नको गो बाय,” ते म्हणाले. मालवणकडचा माणूस, रिटायर व्हायला दीड वर्ष बाकी.

मी पेन ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून सगळं परत भरलं. अर्ध्या तासात मशीन सुरू. हार घातले, पेढे वाटले. शेठ घरच्या पूजेत होते, त्यांना कळलंही नाही.

पंधरा दिवसांनी लांब प्लेटींचा अख्खा लॉट परत आला. दोन टोकांना दोन भोकं. एकात पिन बसवली की दुसऱ्यात बसत नसे, मधलं अंतर चुकलेलं.

“मामाने मशीन ठोकलंय,” शेठ म्हणाले. “टूल कुठेतरी घुसवलं आणि गप बसला.”

“मी ठोकूक नाय.”

“मग काय भूत लागलं? उद्या मशीन मोजायला लेसरवाल्याला बोलावलंय. माप चुकलेलं निघालं ना, तर मामा, परवापासून गावाला आंबे राखायचे.”

मला बरं वाटलं होतं. मोजणी झाली की मामा सुटतील, असंच धरून मी लेसरवाल्यासाठी जुने रिपोर्ट काढायला बसले आणि हात थांबला. पेन ड्राइव्हवरची तारीख मार्चची होती. मशीनचं टेबल सरकवणारा बॉलस्क्रू आम्ही मे महिन्यात बदलला होता.

कुठलाच स्क्रू शंभर टक्के बरोबर नसतो. टेबल प्रत्येक टप्प्यावर किती कमी-जास्त सरकतं ते लेसरने मोजतात आणि तेवढी उलटी दुरुस्ती मशीनच्या तक्त्यात भरतात. मेमध्ये नव्या स्क्रूचा तक्ता भरला होता. त्याचा बॅकअप घ्यायचा होता. ‘बॅकअप घेणे’ ही ओळ माझ्या वहीत तीन पानं पुढे पुढे सरकत गेली होती आणि चौथ्या पानावर उतरवायची राहिली होती. म्हणजे नव्या स्क्रूला मी जुन्याचा नंबर लावून दिला होता. दुसऱ्याचा चष्मा.

उद्या चूक निघणारच होती. ती मामांच्या नावावर जाणार होती.

मी बावन्न वर्षांची. घरी पगार एकच, माझा. घाटकोपरला परत येताना भाजी घेतली, सुटे पैसे तिथेच विसरले. सगळं वहीत लिहिणारी मी. त्या दिवशी ‘शेठना सांगणे’ एवढे दोन शब्द लिहवेनात.

सकाळी लेसरवाल्याने तिपाई लावली, टूल धरणाऱ्या स्पिंडलला आरसा बसवला. “पंखे बंद करा. कोणी टेकू नका.” गाळा एकदम शांत झाला. टेबल सरकायचं, थांबायचं, आकडा यायचा. शंभर मिलिमीटरला चूक सात मायक्रॉन. दोनशेला पंधरा. मार्च आणि मेच्या तक्त्यांतला फरक उतरवलेल्या कागदाची घडी माझ्या मुठीत होती आणि पुढचा आकडा मला आधीच माहीत होता. तेवीस, एखादा इकडेतिकडे. बावीस आला. मामा हात मागे बांधून उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आठशेला एकसष्ट. केसाच्या जाडीएवढं.

“ठोकल्यामुळेच ना?” शेठ.

“कारण मी नाही सांगू शकत, सर. मी फक्त मोजतो.”

शेठ मामांकडे वळले. मी कागद उलगडून स्क्रीनशेजारी धरला.

“हे आकडे जुळतात, शेठ. मशीन ठोकलेलं नाही. जुना तक्ता आहे. मी भरलाय.”

“तू? आणि पंधरा दिवस गप्प?”

“तक्त्याचं काल कळलं. बॅटरी गेल्याचं पंधरा दिवस माहीत होतं.”

“बॅटरी मी काढलंय,” मामा म्हणाले.

“माझी यादी बघून काढली.”

शेठ लेसरवाल्याकडे वळून म्हणाले, “मेचा रिपोर्ट घे, तक्ता भर, परत मोज.” दुसऱ्या फेरीत आठशेला चार मायक्रॉन आले. शेठ संक्रांतीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. मामांना मात्र आंबे राखायला जावं लागलं नाही.

यंदा यादीची पहिली ओळ : बॅकअप घेणे. दुसरी : मशीन चालू ठेवून बॅटरी बदलणे. दोन्ही कामं माझ्याच नावावर. बॅकअप दोनदा घेतला, तारीख तीनदा पाहिली. तरी जुनी बॅटरी चिमटीत धरल्यावर बोटं जागची हलेनात.

“काढ गो,” मामा शेजारून म्हणाले. “मी हंय आसंय.”