जबडा धरून बसलेला माणूस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण यात मी फार लहान दिसतो.

हिंगणघाटच्या एका दवाखान्यात ईसीजीसाठी बसलो होतो. मला काही होत नव्हतं. व्याह्यांनी काढला, म्हणून मलाही हवा होता. माझ्या आधी नंबर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा होता. त्याच्या खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती. तो दुपट्ट्यानं कपाळाचा घाम पुसायचा आणि पुन्हा जबडा दाबून धरायचा.

"दाताचा डॉक्टर समोरच्या गल्लीत आहे, काका," मी सांगितलं.

माझ्या आवाजावरूनच त्यानं माझा पेशा ओळखला. "दात तर माहे कवाचेच गेले, गुरुजी," तो बोळकं दाखवत म्हणाला. "मंग दुखून का राह्यलं, तेच पाहाले आलो."

सगळे हसले. मीही हसलो आणि त्याच्या आधी आत शिरलो. नर्स माझी जुनी विद्यार्थिनी, नाही कशी म्हणेल? ईसीजीची पट्टी अगदी चांगली आली. व्याह्यांना सांगण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं, म्हणून मी ती पुन्हा काढायला लावली.

मग त्याची पट्टी निघाली आणि नर्स धावतच डॉक्टरांकडे गेली. हृदयविकाराचा झटका होता. "जबडा दुखतो, घाम येतो, अशा माणसाचा ईसीजी आधी काढायचा असतो," डॉक्टर तिला रागावले. मी माझ्या दोन्ही पट्ट्यांची घडी करून खिशात ठेवली.

त्याला वर्ध्याला न्यायला गाडीत चढवत होते, तेव्हा मी माफी मागायला जवळ गेलो. त्यानं डोळे उघडले आणि माझ्या तोंडून निघालं, "तंबाखू सोडा आता."

त्यानं शहाण्या पोरासारखी मान हलवली.

तो वाचला का, हे मी कधीच विचारलं नाही. वाचला असं कळलं असतं, तर माफी मागावी लागली असती.