पंपाशेजारच्या घराची विहीर

"ताई, आधी पाणी पिऊन बघा, मग बोला," मुग्धा म्हणाली आणि तिने तांब्या माझ्यापुढे धरला.

मुग्धा माझी धाकटी जाऊ. तिने पसंत केलेल्या घराच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्याशी आम्ही उभ्या होतो. आमच्याकडे घर बघायला गेलं की आधी विहिरीचं पाणी चाखतात, कौलं मग बघतात. मी प्यायले. पाणी गोड निघालं. खरं सांगते, मला त्याचा रागच आला.

मी सिव्हिल इंजिनीअर. रत्नागिरीत बँकांसाठी व्हॅल्युएशन करते. म्हणजे कुणी घरासाठी कर्ज मागितलं की बँक मला ते घर बघायला पाठवते. बांधकाम कसं आहे, कागदावर आहे तेवढंच जागेवर आहे का, उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळेल का, हे बघून मी किंमत लिहून देते. आयुष्यभर लोकांच्या घरांच्या किमती काढल्या. स्वतः राहते दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या बाथरूमची खिडकी दिसते. नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. दीर मोठ्या बोटीवर इंजिनीअर आहे. बाकीचं तुमच्या लक्षात आलं असेल.

घर मात्र नजर लागण्यासारखं होतं, आणि माझी लागलीच. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे ऐसपैस पडवी, वर माडी, मागे हापूसची कलमं. नेमकं असंच घर मला हवं होतं, आणि ते मुग्धा घेणार होती. तेही स्वस्तात. कारण उजव्या हाताच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, पेट्रोल पंप होता. गाव कुठलं ते सांगत नाही, कारण पंप अजून चालू आहे.

घरच्या माणसांच्या मालमत्तेचं व्हॅल्युएशन मला करता येत नाही, तसा नियमच आहे. बँकेचा दुसरा व्हॅल्युअर नंतर येणार होता. मुग्धाने मला नुसती "जरा नजर टाका" म्हणून आणलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला विसार द्यायचा, असं तिने मालकांना सांगून टाकलं होतं. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. एकदा दिली की माघार घेणं जड जातं.

"पंप पेटला तर?" मी सुरुवात केली.

"मी विचारून आले ताई. टाक्या जमिनीखाली आहेत. घर आणि पंप यांच्यामध्ये हवी तेवढी जागा मोकळी आहे."

ते खरं होतं. मीही डोळ्यांनी अंतर मोजलं होतं.

"टँकर येतात. झोपमोड होईल."

"हायवेवर राहायचं म्हणजे गाड्यांचा आवाज आलाच."

"पेट्रोलचा वास?"

"येतोय का आत्ता?"

येत नव्हता. वारा समुद्राकडून वाहत होता आणि पंप त्याच्या खालच्या अंगाला होता. मग मी चौकटीला वाळवी शोधली. कौलांमधून उजेड दिसतो का ते बघितलं. माडीवर नाचून बघितलं. माडी हलली नाही. प्रत्येक वेळी मुग्धा हसायची, आणि प्रत्येक हसण्याबरोबर मला ते घर जास्त आवडायचं.

शेवटी हरल्यासारखी परत विहिरीवर आले आणि आत वाकले. पावसाळा नुकताच संपला होता. विहीर तुडुंब होती. आमच्याकडच्या जुन्या विहिरींच्या आतल्या चिऱ्यांवर नेचे उगवतात, पार पाण्यापर्यंत लोंबतात. इथेही होते. पण सगळीकडे नाही. पंपाकडच्या अंगाला एक वीतभर रुंदीचा पट्टा उघडा होता. तिथे शेवाळसुद्धा नव्हतं.

घराचे मालक शांतारामकाका आंब्याखाली उभे होते. पासष्टी ओलांडलेले, मुलगा मुंबईला, आता तेही तिकडेच निघाले होते.

"काका, विहिरीत मासे दिसत नाहीत," मी म्हणाले.

विहिरीत मासे सोडणं ही आमच्याकडची रीत. डासांची अंडी खातात, पाणी स्वच्छ ठेवतात. मासे नसलेली वापरातली विहीर मी क्वचितच पाहिली आहे.

"सोडलेले गो बाय. न्हाय टिकत."

"का?"

"आता माशांचा काय सांगू मी?" ते दुसरीकडे बघत म्हणाले. "पन ह्या बावीच्या पान्याला आजवर कोनी नावं ठेवलेली न्हाय."

माझ्या अंगात एकदम बळ आलं. कारण जांभा मला ठाऊक आहे. वरून दगड दिसतो, आतून चाळण असते. जमिनीत काही झिरपलं तर जांभा ते अडवत नाही, वाट करून देतो. आणि तेल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात विहीर भरलेली असते, भोवतालचं पाणी वर चढलेलं असतं, तेव्हा काही कळत नाही. पाणी खाली गेलं की मग तेल आत उतरतं. आपण घरं बघतो ती पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीत, विहीर काठोकाठ असताना. अन् तेच पाणी पिऊन खूश होतो.

"उपसा करून बघितल्याशिवाय विसार देऊ नकोस," मी मुग्धाला म्हणाले. उपसा म्हणजे सगळं पाणी बाहेर काढून विहीर रिकामी करणं. एरवी लोक वैशाखात करतात, गाळ काढायला.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती.

"तुला तिचं बरं बघवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आधी वाळवी, मग कौलं, आता म्हणे मासे!"

दीर व्हिडिओ कॉलवर होता. "वहिनी, माशांवरून घर नाकारायचं का?"

नवरा पेपर तपासत होता. त्याने मान वर केली नाही. मी खोटं बोलत नव्हते, पण माझा चेहरा तर खोटारड्याचाच असणार. ज्या दिवशी मला खरोखर काहीतरी सापडलं, नेमका त्याच दिवशी माझा शब्द घरात कुणाला पटेना. मुग्धाच्या दोन मुली त्या विहिरीचं पाणी पिणार होत्या. मोठी पहिलीत, धाकटी अजून बालवाडीत.

मुग्धा मला गॅलरीत घेऊन गेली.

"ताई, खरं सांगा. तुम्हाला हवं होतं ना हे घर?"

"हो. हवं होतं. अजून हवंय."

तिला बहुतेक वेगळं उत्तर अपेक्षित होतं.

"तुझा हेवा वाटतो मला," मी म्हणाले. "आजचा नाही, जुनाच आहे. म्हणून तर सगळे कानेकोपरे बघितले. परक्याचं घर असतं तर मी 'विहीर आहे' एवढं एक वाक्य लिहून चहा पिऊन आले असते. बँकेचा माणूसही तेच लिहील. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उपसा कर आणि स्वतः बघ."

मुग्धा हुशार आहे. तोही माझा एक त्रास आहे. तिने दुसऱ्याच दिवशी पाणी उपसायच्या दोन मोटारी भाड्याने ठरवल्या.

शांतारामकाकांनी कुरकुर केली. "आता कशाला? पानी फुकट जायल." पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तयार झाले.

सकाळी मोटारी सुरू झाल्या. पाणी कलमांच्या आळ्यांत, तिथून शेतात. दुपारपर्यंत स्वच्छ पाणी पडत होतं आणि मुग्धा माझ्याकडे बघत नव्हती. मी मनातून घाबरले होते. काही निघालं नाही तर आमच्या घरात मला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. आणि काही निघू नये, असं वाटायला हवं होतं. ते काही केल्या वाटत नव्हतं.

उन्हं कलल्यावर तळ दिसायला लागला. पंपाकडच्या अंगाला, उघड्या पट्ट्याच्या खाली, चिऱ्याच्या फटीतून पाणी पाझरत होतं. खालच्या डबक्यावर त्याचा तवंग पसरत होता, निळा-जांभळा. गॅरेजसमोरच्या पाण्यावर दिसतो तसाच. मोटारी बंद केल्या तसा वास वर आला.

मुग्धा कट्ट्यावर ओणवी झाली. तिने वास घेतला. परत घेतला. मग काकांकडे वळली.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मे म्हैन्यात येतो जरा वास," ते म्हणाले. "तवा आमी नळाचा पितो. पावसात मंग बरा होतो. पंपवाल्यांना सांगितला, बघून गेले. फुडं काय न्हाय. आमी तरी काय करनार गो बाय?"

त्यांच्यावर मी चिडू शकले नाही. नमुना आम्ही तपासायला दिला. उत्तर नाकाने आधीच दिलं होतं. तेल टाकीतून झिरपतंय की पाइपातून, ते शोधणं पंपवाल्यांचं काम. आम्ही आणि काकांनी मिळून सरकारी कचेरीत तक्रार केली. तिचं काय झालं, ते अजून कळायचंय.

पाडव्याला विसार दिला नाही.

होळीच्या सुमारास मुग्धाने दुसरं घर घेतलं, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला. पडवी त्याहून मोठी. माडीवरून समुद्र दिसतो. वास्तुशांतीला सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "आमच्या मुग्धाने किती पारखून घेतलं बघा!" मुग्धाने मात्र सगळ्यांसमोर मला वाकून नमस्कार केला. त्यामुळे तर मला धड जळताही आलं नाही. मी माडीवर जाऊन समुद्र बघत उभी राहिले आणि जेवढं जमलं तेवढं जळून घेतलं.

घर घेताना सोबत तज्ज्ञ न्यावा, असं मी लोकांना पूर्वी सांगायचे. आता सांगते, ज्याला तेच घर स्वतःसाठी हवं आहे असा एक नातेवाईकही न्या. तो फी घेत नाही, आणि काही नजरेतून सोडत नाही.