आण्णांना मी खडकावर बसवलं
एकवीस वर्षं मी मराठवाड्यातल्या भूमच्या एका शाळेत भूगोल शिकवतोय. भरती-ओहोटीचा धडा मला पुस्तक न उघडता येतो. फळ्यावर तीन गोल काढायचे, पृथ्वीभोवती पाणी अंड्यासारखं दाखवायचं. तरीही दोन वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या भावाला ओहोटीच्या वेळी समुद्रातल्या खडकावर बसवलं आणि होडीतून डॉल्फिन बघायला गेलो. हे मी आण्णांशिवाय कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. जेवढं सांगितलं ते सोयीचं होतं.

आण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. गाडीवरून पडले होते, हाड वाकडं जुळलं. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. शाळेतल्या शिक्षकांची दिवाळीच्या सुट्टीत सिंधुदुर्गाची सहल ठरली, जीपमध्ये एक जागा उरली, म्हणून मी त्यांना विचारलं. जागा उरली नसती तर विचारलं नसतं.

पहिल्या दिवशी खाडीत छोट्या नावा वल्हवायला नेलं. आण्णा काठावर बसून कांदळवनाकडं बघत राहिले. मी परत आल्यावर म्हणाले, "झाडं पान्यात हुबी हायती आन मरंनात कशी? आपली तूर दोन दिवसांत पिवळी पडती."

मी त्यांना खारफुटीची मुळं दाखवली, ती चिखलातून वर येऊन श्वास घेतात ते सांगितलं. आण्णा आमच्या हेडमास्तरांना म्हणाले, "लई शिकलाय आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. पाणी बरंच आत गेलं होतं. ओल्या वाळूवर खेकड्यांनी वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी घातलेली. होडीत चढायला मांडीभर पाण्यातून जावं लागत होतं, ते आण्णांना जमणार नव्हतं. थोड्या अंतरावर वाळूत एक मोठा काळा खडक होता, वरून सपाट. तिथपर्यंत कोरडंच जाता येत होतं. मी त्यांना हाताला धरून नेलं, टॉवेल अंथरला, भाकरीची पिशवी आणि पाण्याची बाटली शेजारी ठेवली.

"हितं बसा आण्णा. मी येईपर्यंत हलू नका."

"हलून कुठं जातोय? सासुरवाडी हाय व्हय हितं?"

एका सरांनी विचारलं, "आण्णा, डॉल्फिनला काही निरोप?"

"म्हणावं भूमला ये. पानी न्हाय, पन मान देऊ."

सगळे हसले. मीही हसलो.

आमच्याकडं पाणी सरकतं ते महिन्यांच्या हिशोबानं. उन्हाळ्यात तलाव मागं जातो, उघड्या गाळात लोक काकडी लावतात, जनावरं बांधतात. तिथं माणूस बसवला तर तो आठवडाभर कोरडाच राहील. माझं डोकं धड्यातून आलेलं होतं, पण पाय तलावातले होते. ही सबब नाही. सबब मी बरीच शोधली.

कारण होडीवाल्यानं सांगितलं होतं. निघतानाच म्हणाला, "भरती लागायच्या आत परत यायला पाहिजे, सर." त्यावर आमच्यातल्या एका मॅडमनी विचारलं, "भरती म्हणजे रोज एकाच वेळी का हो?" आणि मी सुरू झालो. चंद्राचं आकर्षण, रोज पन्नासेक मिनिटांचा उशीर, उधाण. तळहातावर बोटानं आकृती काढून दाखवली. होडीवाला म्हणाला, "सरांना सगळं माहीत आहे." मला बरं वाटलं. मी बोलत होतो तेव्हा खडक माझ्या पाठीमागं होता.

डॉल्फिन दिसले. पाठी दिसल्या आणि गेल्या. मग पुढं उथळ जागी थांबून चष्मा आणि नळी लावून होडीवाल्यानं आम्हाला पाण्यात उतरवलं. पाण्याखाली पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे माझ्या हाताजवळून जात होते. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. होडीवाल्यानं हाक दिली, "चला, उशीर होतोय." बाकीचे शिडीकडं निघाले. मी तोंडातली नळी काढून म्हणालो, "दहा मिनिटं अजून."

त्या वेळी मला आण्णा आठवत होते. विसरलो होतो असं मी बरोबरच्या शिक्षकांना सांगितलं, ते खोटं आहे. बसलेत, बसू देत, असं मनात आलं होतं. दहाची पंचवीस मिनिटं झाली.

परतताना मॅडमच आधी ओरडल्या. खडक दिसत नव्हता. आण्णा दिसत होते, समुद्रात उभे. पाणी कमरेच्या वर. पिशवी डोक्यावर धरलेली. लाट आली की त्यांचा ताठ पाय सुटायचा आणि ते एका बाजूला कलायचे. आमची होडी पोचायच्या आधी किनाऱ्यावरचे दोघं जण दोर कमरेला बांधून पोहत गेले आणि त्यांना ओढून आणलं. मी होडीत बसून होतो. मला काहीच वाटत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. अंगातलं सगळं कुणी तरी बंद केल्यासारखं.

वाळूवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणारी एक बाई कोयती हातात घेऊन ओरडत होती, "ह्या बाबांका थंय कोणी बसयल्यान?"

सगळ्यांना माहीत होतं.

आण्णांच्या पायाला शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या. मी त्या धुतल्या. विचारलं, "हाक का नाही मारली? किनाऱ्यावर माणसं होती."

ते थंडीनं कापत होते. म्हणाले, "तू हलू नगं म्हनलास. पानी कुठवर येतं ते तुला ठावं आसंल. गुडघ्याला आलं, म्हनलं हितं थांबंल. मांडीला आलं, म्हनलं हितं थांबंल. म्हनलं, त्याला ठावं आसल्याबिगर बशिवलं नसंल."

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना समुद्र सांगितला, खेकड्यांची नक्षी सांगितली. पाण्यात उभं राहिल्याचं सांगितलंच नाही. पायाला काय झालं विचारलं तर म्हणाले, घसरलो. मी तिथंच होतो.

गेल्या हिवाळ्यात मी ठरवून शेतात गेलो. ते ज्वारीला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. होडीवाला काय म्हणाला ते, दहा मिनिटं कुणी मागितली ते, आणि तेव्हा तुम्ही मला आठवत होता हेही. शिवी द्यावी, खोरं फेकून मारावं, असं वाटत होतं.

त्यांनी एका वाफ्याचं बारं मोडलं, दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवलं.

"व्हय का," म्हणाले. मग म्हणाले, "च्या पिऊन जा. वहिनीला सांग."

नंतर कधी विषय निघाला नाही. भांडण नाही, अबोला नाही. मी दर रविवारी जातो. पूर्वी दवाखान्यातून काही आणलं की ते माझ्याकडं देऊन विचारायचे, यातली कुठली गोळी जेवणाआधी. मागच्या रविवारी शेजारचा शेतकरी कामासाठी आला होता, त्याला कसंबसं वाचता येतं. आण्णांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या समोरून हात लांब करून त्याच्यापुढं धरलं. तो अक्षरं जुळवत बसला. मी ओसरीवर दोघांच्या मधोमध होतो. मला बसल्या जागीच नाव दिसत होतं.